नाव, माप आणि वय

कोल्हापूर,
आषाढी एकादशी

चि. सोनूस,


तुझं पत्र आणि फोटो पोचले. आप्पांची फियाट शेडमधून बाहेर, उन्हात उभी राहिलेली बघून तुझी मामी थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "याच गाडीतून मी या घरात आले." आता तो फोटो देव्हाऱ्याशेजारी टेकवून ठेवलाय.

इंजिन चालू झालं, सीट शिवायला टाकल्या, रंगाचा भाव काढला, दिवाळीला गाडी घेऊन कोल्हापूरला यायचं ठरवलंस, सगळं वाचून बरं वाटलं. पण शेवटी एक ओळ लिहिली आहेस: "फक्त ब्रेकचे पार्ट मिळत नाहीत, तेवढंच राहिलंय." त्या 'फक्त'मुळे हे पत्र लांबणार आहे. उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथ चालवली मी. गाड्या लोकांच्या होत्या, पण त्यांचे सिलिंडर आणि ड्रम माझ्या हातातून गेले आहेत. म्हणून हक्कानं सांगतो, रंगाचे पैसे आधी ब्रेकला लाव. रंग पुढच्या दिवाळीला दिला तरी गाडीचं काही बिघडत नाही.

पार्ट का मिळत नाहीत ते आधी समजून घे, म्हणजे दुकानदारावर चिडणार नाहीस. आपली गाडी मूळची इटलीची फियाट ११००. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती १९६४ पासून 'डिलाइट' म्हणून निघाली, सत्तरच्या दशकात आधी 'प्रेसिडेंट' आणि लगेच 'पद्मिनी' झाली. नावं बदलली, तोंडवळा थोडा बदलला, पण गाडी तीच राहिली. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ती उचलली, त्यामुळे इतकी वर्षं नाक्यानाक्यावर तिचे सुटे भाग मिळायचे. २००० च्या सुमारास उत्पादन थांबलं, तरी टॅक्सी धावत होत्या तोवर दुकानं चालली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीचीही वीस वर्षांची मुदत संपली. रोजचं गिऱ्हाईकच गेलं तर दुकानदार कप्प्यात माल कशाला ठेवेल? तरीही माल संपलेला नाही. तो कप्प्याच्या मागे, पोटमाळ्यावर, एखाद्या म्हाताऱ्या मेस्त्रीच्या पत्र्याच्या पेटीत आहे. तो शोधायचा तर नुसतं "फियाटचं ब्रेकचं सामान आहे का" असं विचारून भागणार नाही. स्थळ बघताना जशा तीन गोष्टी आधी विचारतात तशा इथेही विचारायच्या: नाव, माप आणि वय.

नाव. नावानं तू फक्त दुकानाच्या दारापर्यंत पोचतेस. तिथून पुढे ते फसवायला लागतं. तू लिहिलंस की इटलीतल्या एका विक्रेत्याकडे 'फियाट ११००'चे ब्रेक शू दिसतायत, मागवू का? थांब. इटलीत १९६६ मध्ये 'डी'च्या जागी ११०० 'आर' आली आणि तिला पुढे डिस्क ब्रेक आले. आपल्या गाडीला शेवटपर्यंत चारही चाकांना ड्रमच राहिले. म्हणजे नाव ११००, देश फियाटचा, आणि खोक्यातून निघणार ते तुझ्या गाडीला न बसणारं काहीतरी. वर आयात शुल्क भरून झालेलं असेल. परदेशातून मागवायचंच तर ११०० डी असं स्पष्ट लिही, गाडीचं साल लिही, आणि पैसे भरण्याआधी त्या भागाची मापं मागून घे. मापं न देणाऱ्याकडून घेऊ नकोस.

नावाचा दुसरा घोटाळा आपल्याच बाजारात होतो. "अँबॅसिडरचं बसतं हो, घेऊन जा" हे वाक्य तुला पुढच्या महिन्यात दहा वेळा ऐकायला मिळेल. कधी कधी खरंच बसतं, आणि तेच जास्त धोक्याचं आहे. अँबॅसिडर मूळची इंग्लंडची मॉरिस, तिचे आटे इंचातले. फियाट इटलीची, तिचे आटे मेट्रिक. ब्रेक पाइपच्या टोकाला जो छोटा नट असतो तो घे. इंचातला तीन-अष्टमांशाचा नट ९.५२५ मिलिमीटर व्यासाचा, इंचाला चोवीस आटे, म्हणजे एका आट्याला १.०५८ मिलिमीटर. मेट्रिकमधला त्याच्या जवळचा १० मिलिमीटरचा, एका आट्याला १ मिलिमीटर. इंचाचा नट मेट्रिक भोकात हातानं फिरतो, पान्यानं आवळल्यावर आवळल्यासारखाही वाटतो. पण आटे कडेकडेनंच धरलेले असतात. गॅरेजात पेडल दाबून बघितलं तर टिकतो, आणि कुणी मूल आडवं आलं म्हणून तू जीव खाऊन पाय दाबशील तेव्हा सुटतो. माझ्या लेथवर असे आटे खाल्लेले नट मी कितीतरी वेळा हातात घेऊन बघितलेत. आट्यांचा गेज स्वस्तात मिळतो. एक विकत घे आणि पर्समध्ये ठेव.

माप. आता जो भाग हवा तो आधी गाडीतून काढ, स्वच्छ कर आणि मोज. उलटं करू नकोस. बरेच जण नवीन सामान घरी आणून मग जुनं उघडतात.

मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांच्या व्हील सिलिंडरांचे बोअर, म्हणजे आतले व्यास, व्हर्नियरनं घे. सिलिंडर मध्यावर, जिथे पिस्टन ये-जा करतो तिथे झिजलेला असतो, म्हणून माप तोंडाजवळच्या न झिजलेल्या कडेला घे. बाहेरच्या ओतकामावर कुठे आकडा उठवलेला आहे का तेही बघ, तारेच्या ब्रशनं घासलं की दिसतो. गंमत अशी की गाडी मेट्रिक असली तरी ब्रेक सिलिंडरचे बोअर पुष्कळदा इंचात असतात. व्हर्नियरवर १९.०५ दिसलं तर "एकोणीसच आहे" म्हणून सोडून देऊ नकोस, तो पाऊण इंच आहे. २२.२ म्हणजे सात-अष्टमांश, २५.४ म्हणजे पूर्ण इंच.

हे एवढं बारीक का सांगतोय? समज, पाऊण इंची मास्टर सिलिंडर मिळाला नाही म्हणून मेस्त्रीनं सात-अष्टमांशाचा बसवला. व्यासात फरक तीन मिलिमीटरचा. पण जोर क्षेत्रफळावर ठरतो आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे छत्तीस टक्क्यांनी जास्त. तेवढाच ब्रेक लागायला तुझ्या पायाला आता छत्तीस टक्के जादा जोर लावावा लागेल. पेडल मात्र वरच कडक लागतं, आणि मेस्त्री खूश होऊन म्हणतो, "बघा ताई, कसा टणक ब्रेक लागलाय!" टणक पेडल आणि चांगला ब्रेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हील सिलिंडरच्या बाबतीतही तेच. मागचा मोठ्या बोअरचा बसला तर मागची चाकं आधी जाम होतात आणि पावसात गाडी शेपूट फिरवते. एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना तोच भाग, त्याच मापाचा, एकाच वेळी बदलायचा, नाहीतर ब्रेक मारला की स्टिअरिंग एका बाजूला ओढणार.

एक वही कर. प्रत्येक भागाला एक पान. बोअर, लांबी, आटे, भोकांमधलं अंतर, डावा की उजवा, आणि खाली हातानं काढलेलं चित्र. चित्र वेडंवाकडं असलं तरी चालेल, आकडे नीट हवेत.

वय. इथे मी स्वतः पोळलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुझा जन्म व्हायचा होता तेव्हाची गोष्ट. आप्पांच्या याच गाडीचा मास्टर सिलिंडर गळायला लागला. मी एका ओळखीच्या दुकानातून रबर किट आणलं. कंपनीचं खोकं, अस्सल माल, कागदाची पट्टीसुद्धा न फाटलेली. नाव बरोबर, माप बरोबर. मी स्वतः बसवलं आणि पुण्याला निघालो. येताना खंबाटकीच्या उतारावर पेडल दाबलं ते सरळ तळाला गेलं. दुसऱ्यांदा दाबलं, थोडं धरलं. तिसऱ्यांदा काहीच नाही. गियर खाली टाकत, हँडब्रेक ओढत, डोंगराच्या बाजूच्या मातीला गाडी घासत थांबवली. आप्पा शेजारी होते. त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली आणि एवढंच म्हणाले, "खाली उतरून दगड लाव चाकाला."

घरी येऊन सिलिंडर उघडला. रबरी कपाची ओठासारखी कड, जिच्या जोरावर तेल अडतं, ती नखानं वाकवली तर बारीक भेगा दिसल्या. ते खोकं दुकानात दहा-बारा वर्षं पडून होतं. कधीच न वापरलेलं रबर न वापरताच म्हातारं झालेलं. चूक दुकानदाराची जेवढी तेवढीच माझी, मी नाव बघितलं, माप बघितलं, वय विचारलंच नाही.

त्या दिवसापासून माझा नियम एकच आहे. धातू जुना चालेल, रबर जुनं चालणार नाही. तीस वर्षांपूर्वीचं न वापरलेलं सिलिंडरचं ओतकाम मिळालं तर डोक्यावर घेऊन ये. पण त्याच्या आतले कप काढून फेकून दे आणि त्या मापाचे आजच्या उत्पादनाचे घाल. 'जुना ओरिजिनल स्टॉक' म्हणून जादा पैसे मागणारे भेटतील. रबरासाठी ते पैसे म्हणजे म्हातारपण विकत घेणं आहे.

होस पाइपलाही हेच लागू. चाकाजवळचा तो रबरी पाइप बाहेरून काळाभोर, गुळगुळीत दिसतो आणि आतून सुजून बंद होत आलेला असतो. पायाच्या जोरानं तेल पुढे जातं, पण परत यायला वाट नसते. पाय काढला तरी ब्रेक धरून राहतो आणि ड्रम तापतो. मग लोक शू बदलतात, सिलिंडर बदलतात, रोग तिथेच राहतो. तेव्हा गाडीतले सगळे होस डोळे मिटून बदल. नवीन होसवर सहसा उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचून घे.

आता काय विकत घ्यायचं आणि काय दुरुस्त करायचं ते सांगतो. रबर विकत, सिलिंडर दुरुस्त, लायनर बनवून.

सिलिंडर उघडल्यावर आत बोट फिरव. नुसती काळी चकाकी असेल तर हलकं होनिंग, म्हणजे आतून बारीक घासणं, पुरे. नख अडकेल असा खड्डा असेल तर होनिंगनं तो घालवायच्या नादात बोअर मोठा होतो आणि नवीन कप सैल बसतो. अशा वेळी सिलिंडर मोठा बोअर करून आत पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह बसवायची आणि मूळ मापाला आणायची. मूळ ओतकाम तुझ्याच गाडीचं, त्यामुळे नाव-मापाची कटकट संपते. नवीन सिलिंडर शोधत दारोदार हिंडण्यापेक्षा हा रस्ता मला नेहमी बरा वाटला. फक्त मास्टर सिलिंडरची एक गोष्ट लक्षात ठेव. त्याच्या छताला तेलाच्या डबीकडे जाणारी दोन भोकं असतात. एक मोठं आणि एक सुईच्या टोकाएवढं. ते बारीक भोक म्हणजे सिलिंडरचा श्वास. तेल तापून फुगलं की तिथून परत वर जातं. स्लीव्ह ठोकल्यावर ते झाकलं जातं, आणि घाईतला कारागीर ते पुन्हा पाडायला विसरतो. मग पाच किलोमीटरवर चारही ब्रेक आपोआप धरतात. काम परत घेताना त्या भोकातून बारीक तार जाते का ते बघ. आत कडेला धातूची धारदार बर राहिली असेल तर साफ करून घे, नाहीतर ती नव्या कपाची कड पहिल्या दिवशीच कापेल.

शूची लोखंडी चौकट सहसा खराब होत नाही, झिजतं ते लायनर. जुने शू घेऊन लायनर मारणाऱ्याकडे जा. रिव्हेट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जायला हवेत, म्हणजे लायनर शूला चिकटून बसतं, मध्ये पोकळी राहत नाही. रिव्हेटची डोकी लायनरच्या पृष्ठभागाच्या चांगली खाली हवीत. ड्रमला चर पडले असतील तर तो लेथवर मारून घे, पण अगदी कमीत कमी, कारण पातळ ड्रम लवकर तापतो आणि उतारावर दगा देतो. मग ड्रमच्या आत खडू फिरव आणि शू आत धरून हलव. खडू शूच्या फक्त दोन टोकांना लागला किंवा फक्त मध्याला लागला तर गोलाई जुळलेली नाही. सगळीकडे थोडा थोडा लागला तर घरी ये.

आणि हे कळकळीनं सांगतो. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर मेस्त्री सवयीनं हवेचा पाइप मारेल आणि सगळीकडे राखाडी धूळ उडेल. मारू देऊ नकोस. ओल्या फडक्यानं पुसायचं, तोंडाला मास्क लावायचा आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. माझ्या पिढीला हे कुणी सांगितलं नाही.

शोधायचं कुठे? पुण्यात आहेस तर नाना पेठेपासून सुरुवात कर. मोठ्या दुकानाऐवजी ज्या दुकानात मालक स्वतः गल्ल्यावर बसतो आणि मागे माळा आहे तिथे जा. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या दुकानांत विचार, कुर्ल्याला भंगारातल्या गाड्यांच्या सामानाच्या रांगेत विचार. टॅक्सी दुरुस्त करण्यात आयुष्य गेलेले मेस्त्री अजून आहेत, त्यांच्याकडे दुकानदारांपेक्षा जास्त माल असतो आणि त्याहून जास्त माहिती. तरीही अडलं तर दिल्लीचं काश्मिरी गेट. पण जिथे जाशील तिथे हातात वही आणि जुना भाग घेऊन जा, नुसतं नाव घेऊन नको. जुना भाग काउंटरवर ठेवला की दुकानदाराचा चेहराच बदलतो. "मिळणार नाही" म्हणणारा माणूस चष्मा लावून तो उलटासुलटा करायला लागतो.

पाइपांबद्दल दोन ओळी. स्टीलचे गंजलेले पाइप बदलायचेच. पण "तांब्याचे करू, गंजत नाहीत" असं कुणी म्हटलं तर नको म्हण. साधं तांबं हादऱ्यांनी कडक होत जातं आणि फुटतं. स्टीलचा दुहेरी भिंतीचा पाइप घे, किंवा तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा. आणि तेल डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलं. डॉट ४ नवीन असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतलं पाणी शोषून घेतलं की हाच आकडा १५५ पर्यंत खाली येतो. म्हणून अर्धा डबा पुढच्या वर्षासाठी ठेवायचा नाही. इंजिन ऑइलचा थेंबही ब्रेकमध्ये जाऊ देऊ नकोस, रबर फुगून बसतं. डिझेल किंवा पेट्रोलनं कप धुवायचे नाहीत, स्पिरिट किंवा ब्रेक ऑइलनंच. आणि ते तेल रंगावर सांडलं तर रंग उचलून आणतं. रंग नंतर दे म्हटलं ते उगाच नाही.

सगळं बसल्यावर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून हवा काढत जवळच्या चाकाकडे ये. मग इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबून एक मिनिट पाय तसाच ठेव. पाय हळूहळू खाली जायला लागला आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडर आतून सोडतोय. तसं झालं तर पुन्हा उघड, वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्या गाडीला सगळ्या चाकांना मिळून एकच सर्किट आहे. आजच्या गाडीत एक बाजू गेली तरी दुसरी धरते, इथे एक कप गेला की चारही चाकं गेली. म्हणून हँडब्रेकही त्याच वेळी ठीक कर. माझा जीव खंबाटकीला त्यानंच वाचवला. पहिली चक्कर मोकळ्या मैदानात, चालण्याच्या वेगात. नंतर पन्नासेक वेळा हलके हलके ब्रेक मारत नवीन लायनर ड्रमला घासून बसू दे. एकदम जोरात मारून बघायचा मोह आवर.

ही गाडी पन्नाशी ओलांडलेली आहे, त्यामुळे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. २०२१ च्या नियमांनुसार तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो आणि दहा वर्षांची नोंदणी होते. त्यातली एक अट अशी की मूळ चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल नकोत. कुणी "पुढे मारुतीचे डिस्क बसवून टाकू, कटकट संपेल" असं सुचवेल, त्यालाही नको म्हण. अधूनमधून चालवायच्या गाडीला नीट जमवलेले ड्रम पुरतात. आप्पांनी याच ड्रमांवर घाट उतरले आहेत, आणि त्या दिवशी ब्रेक गेला तो ड्रममुळे नव्हे, माझ्या घाईमुळे.

आता उत्तर पाठवशील तेव्हा फोटो नकोत. वहीच्या पानांच्या नकला पाठव. पाचही सिलिंडरांचे बोअर, होसच्या दोन्ही टोकांचे आटे, शूची रुंदी. लेथ मी गेल्या वर्षी विकला, पण व्हर्नियर अजून माझ्याकडे आहे आणि उद्यमनगरात स्लीव्ह बसवणारी पोरं माझ्याच हाताखाली शिकलेली आहेत. सिलिंडर कुरिअरनं इकडे पाठवलेस तर बारीक भोक मी स्वतः तारेनं तपासून परत पाठवीन.

दिवाळीला जमलं नाही तर गुढीपाडव्याला ये. मामीनं ओवाळणीचं ताट आधीच घासून ठेवलंय, गाडीलाही ओवाळणार म्हणते.

तुझा,
मामा

ता. क. हँडब्रेकची केबल उघडशील तेव्हा चाकाला दगड लाव. आप्पांची आज्ञा समज.